तीन सडांची गाय आणि मेडलसम

शाळा सोडताना करंदीकर सरांनी मला वागणुकीचा दाखला दिला. त्यात माझ्याबद्दल इंग्रजीत तीन शब्द होते. पहिल्याचा अर्थ खरं बोलणारी, दुसऱ्याचा चलाख आणि तिसरा होता मेडलसम. जळगावच्या एका कापसाच्या जिनाच्या कचेरीत मी तो कागद घेऊन नोकरी मागायला गेले, तेव्हा तिथल्या हेडक्लार्कने पहिले दोन शब्द वाचले की नाही देव जाणे. त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला नाक खुपसायची सवय आहे तर." झालं, नोकरी गेली. मी त्याच पावली धुळ्याची गाडी धरली, सरांच्या खोलीवर गेले आणि दारातूनच भांडायला सुरुवात केली. म्हटलं, हा शब्द खोडा. सर म्हणाले, "खोडतो, सुमन. पण मग पहिलाही खोडावा लागेल. खरं बोलणारी असं लिहायचं आणि हे लपवायचं, ते मला जमणार नाही." मी म्हटलं, हवं तर दुसरा परत घ्या, चलाख नसले तरी चालेल, पण हा काढा. माझी घासाघीस ऐकून ते हसले. शब्द काही खोडला नाही.

आज जळगावात माझी केळीची आडत आहे. ती मी एकटीने उभी केली, आणि माझ्यासमोर भाव बोलताना भले भले व्यापारी दोनदा विचार करतात. सरांना जाऊनही बरीच वर्षं झाली. पण तो दाखला पाहिला की अजून माझं डोकं फिरतं. माणूस गेल्यावर राग धरू नये म्हणतात, मी धरलेला आहे. आणि तरीही त्या शब्दाची आठवण निघाली की रागाच्या मागोमाग जे मनात येतं, त्यापुढे आजही मला मान वर करता येत नाही.

आमचं घर धुळ्यात गुरांच्या बाजाराच्या अंगाला होतं. माझ्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, आम्हीही नानाच म्हणायचो. ते बाजारात दलाल होते. पिंपळनेरकडचे, शिरपूरकडचे शेतकरी बैलजोड्या घेऊन यायचे ते आधी आमच्या ओट्यावर टेकायचे. घरात कायम घुंगरमाळांचा आवाज, पेंडेचा वास आणि चुलीवर थापल्या जाणाऱ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची थाप. पहाटे जिनाचा भोंगा झाला की आई उठायची, आणि तो दुसऱ्यांदा व्हायच्या आत हिरव्या मिरचीचा ठेचा कुटून तयार असायचा. त्यात शेंगदाणे आणि भरपूर लसूण. वर तेलाची धार सोडली की त्या वासानेच पाहुण्यांना जाग यायची. माझ्या आडतीवर आता मुलं हॉटेलातून नाश्ता मागवतात. मी खाते, पण जेवल्यासारखं काही वाटत नाही.

नानांचा सगळा धंदा एका रुमालाखाली चालायचा. भाव कधी तोंडाने बोलायचा नाही. दलालाने हातावर रुमाल टाकायचा, विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापला हात त्याखाली द्यायचा, आणि दलालाची बोटं दाबून त्याच्यामार्फत भाव सांगायचा. किती बोटं धरली, पंजा पुरता दाबला की अर्धा, याचे अर्थ ठरलेले. वर चेहरे कोरे, आणि खाली दोन माणसं कडाकडा भांडत असायची. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही भाव कळायचा नाही. रात्रीच्या जेवणानंतर नाना कधीमधी माझा पंजा हातात घेऊन दिवसभराचे सौदे मला बोटांनी सांगायचे आणि मी ओळखायचे. आई म्हणायची, "पोरले हाई काय शिकाडी ऱ्हायनात?" नाना नुसते हसायचे. पुढे पुढे मला पंजाही लागेना. नानांच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा कशा हलतात ते लांबून पाहूनही मला रुमालातला भाव कळायचा. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. नानांनाही नाही.

मॅट्रिकच्या वर्गात करंदीकर सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण इंग्रजीचा दरारा तसाच होता, आणि सरांमुळे तर तो वाढलाच. एकटे राहायचे, खानावळीत जेवायचे, दोन सदरे आलटून पालटून घालायचे. पण फळ्यावर एखादा शब्द लिहून बाजूला झाले की वाटायचं, यांनी खोलीत कोणीतरी जिवंत माणूस आणून उभा केला. त्यांची रीत अशी, की शब्दाचा अर्थ एकदाच सांगायचा आणि मग आठवडाभर प्रत्येकाने रोज आपल्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य त्या शब्दावर करून आणायचं. म्हणायचे, "अर्थ कोशात असतो. शब्द वापरात असतो."

त्या आठवड्यात फळ्यावर मेडलसम होता. मुलं मराठी शब्द सुचवू लागली. लुडबुड्या, चोंबडा, आगाऊ. सर प्रत्येकाला "जवळ आलात" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी एकाने वाक्य आणलं, माझी आत्या मेडलसम आहे. दुसऱ्याने आणलं, इंग्रज मेडलसम होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "नाही. इंग्रज मालक होऊन बसले होते, त्यांना त्यात भरपूर मिळत होतं. मेडलसम माणसाला काहीही मिळत नसतं. आत्याचं वाक्य बरोबर आहे." मी आणलेलं वाक्य आईवर होतं, की ती माझ्या वेणीत, डब्यात आणि वहीत मेडलसम आहे. सर हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "एक लक्षात ठेवा. मेडलसम माणूस चुकीचं बोलतो असं नाही. पुष्कळदा त्याचंच बरोबर असतं. पण त्याला कोणी विचारलेलं नसतं, आणि समोर काय चाललंय ते सगळं त्याला माहीत नसतं." मी ते वहीत लिहून घेतलं, अक्षर न् अक्षर. लिहून घेणं आणि कळणं यात किती अंतर आहे ते मला चारच दिवसांत कळलं.

आमच्या शाळेची घंटा तुळशीराम वाजवायचा. तो शिपाई होता, पण ताठ माणूस. टोपी कधी मळलेली नाही, उशीर कधी नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याची एक तांबडी गाय होती, तिच्या कासेच्या चारांपैकी एक सड जन्मापासून बंद. गल्लीतल्या सगळ्या घरांना ते ठाऊक होतं, कारण दूध आम्ही त्याच्याकडूनच घ्यायचो. त्याचा दहा वर्षांचा मुलगा भिका विटीदांडू खेळत असताना विटी उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं, लगेच पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आठ-दहा दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर झाली, नाहीतर डोळा गेला म्हणून समजा. तुळशीरामने गाय विकायला काढली. पण बंद सडाच्या गाईला किती येणार? पुण्याच्या दवाखान्याचा निम्मा खर्चही सुटला नसता. हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की सरांनी त्याला पैसे देऊ केले होते आणि तो म्हणाला होता, "सर, माझ्या घंटेवर तुम्ही वर्गात येता. तुमच्या पैशावर मी दवाखान्यात कसा जाऊ?"

बाजाराच्या दिवशी मी नानांची भाकरी घेऊन गेले, तर नानांच्या एका हाताला तुळशीराम उभा आणि दुसऱ्या हाताला करंदीकर सर. नानांनी रुमाल टाकलेला. तांबडी गाय शांतपणे रवंथ करत होती. सरांचा हात रुमालाखाली गेलेला पाहून मी जागीच थांबले. इतका मोठा माणूस, इतकी पुस्तकं वाचलेला, आणि उभा कुठे, तर शेणात. मी सवयीने नानांच्या हाताकडे पाहिलं. शिरा हलल्या. मी भाव वाचला. पुन्हा वाचला. तोच. एवढ्या पैशांत त्या बाजारातली चांगल्यातली चांगली दुभती गाय आली असती, आणि वर वासरू. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की माझा बाप माझ्या सरांना लुबाडतो आहे.

खानावळीत जेवणारा एकटा माणूस गाय कशाला घेईल, हा प्रश्न मला पडला नाही. मी म्हणे चलाख!

भाकरीचं फडकं तिथेच टाकून मी ओरडले, "सर, हात काढा! तिचा एक सड बंद आहे. नाना तुम्हाला फसवताहेत!"

रुमाल पडल्यावर तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आजूबाजूचे पाच-पन्नास जण एकदम आमच्याकडे वळले. नुसत्या घुंगरमाळा वाजत होत्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "नाना, पोरले इंग्रजी शिकाडं ना? आते भोगा!" आणि हशा पिकला. दुसरा एक जण तुळशीरामकडे वळला, "काय रे, सड झाकीसन इकस का?"

तुळशीरामचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्याला उभ्या आयुष्यात कोणी लबाड म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "मी लपाडं नही. नानाले पयलेच सांगेल व्हतं." मग त्याने सरांकडे पाहिलं. "सर, तुम्हले माहीत व्हतं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की ते असंच करायचे, आणि मग सरळ सांगायचे. खोटं त्यांना येतच नव्हतं. "होतं," ते म्हणाले.

"आन् तरी इतलं?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि गाईकडे पाहिलं. तुळशीरामला सगळं कळलं. त्याने रुमालाखालून हात काढला, खुंटाचा दोर सोडायला वाकला आणि हळूच म्हणाला, "मी तुम्हले नही म्हणेल व्हतं सर."

मलाही तेव्हाच कळलं. नानांनी आणि सरांनी मिळून ठरवलेलं होतं. नानांनी सरांना आदल्या दिवशी बोटांची भाषा शिकवली होती. माझे नाना, जे एका बोटासाठी दुपारभर उन्हात उभे राहायचे, ते या सौद्यात दलालीही घेणार नव्हते, हे आईने मला नंतर सांगितलं. तुळशीरामला गाईचे पैसे मिळाले असते आणि त्यात दान किती, हे कोणालाही कळलं नसतं. त्यालाही पुरतं नाही. आजवर मी रुमालाकडे एकाच नजरेने पाहत आले होते, की तो लुबाडायला बरा. त्याखाली दोन माणसं मिळून एवढं मोठं काही लपवू शकतात, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आणि मी ते भर बाजारात उघडं पाडलं होतं. आता ती गाय कोणी फुकटही घेतली नसती, तुळशीरामने सरांचा पैसा घेतला नसता, आणि भिकाच्या डोळ्याचे दिवस संपत चालले होते.

नाना माझ्याकडे आले. मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण ते माझ्या शेजारी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "थांब तुळशीराम. गाय सोडू नको."

बाजाराचा एक नियम होता. तो इतका क्वचित लागायचा की तरुण दलालांना तर ठाऊकही नव्हता. रुमालातला सौदा तिसऱ्याने तोंड घालून मोडला, तर ते जनावर त्या तिसऱ्याने नव्याने भाव ठरवून उचलायचं. तो दंड. नाना म्हणाले, "सौदा मन्ही पोरनी मोडा. गाय आते आम्हले लेनी पडी."

"नाना, ऱ्हाऊ द्या," तुळशीराम म्हणाला.

"ऱ्हाऊ कसं देऊ? उद्या कोणी बी मझार तोंड घाली. बाजारना नियम शे, मन्हा नही." मग नाना माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आन् हात बी तिनीच देवाना."

गर्दीत कुजबुज झाली. रुमालाखाली बाईचा हात त्या बाजाराने पाहिलेला नव्हता. एक म्हातारे दलाल पुढे येऊन म्हणाले, हे शोभतं का. नाना म्हणाले, "तोंड घालाले चालनी, मंग हात घालाले बी चाली." सर एक पाऊल मागे सरले. ते नानांकडे बघत होते, आणि वर्गात आम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेने बघायचो, अगदी तीच नजर होती ती. घरी डब्यात माझ्या कॉलेजसाठी साठवलेले पैसे होते. ते या गाईत जाणार हे नानांना कळत होतं आणि मलाही.

नानांनी माझ्या हातावर रुमाल टाकला आणि पाठ फिरवून उभे राहिले, आपल्याला भाव दिसू नये म्हणून. तुळशीरामने हात दिला. घंटेच्या दोराने त्याचा तळवा घट्टे पडून लाकडासारखा झाला होता. भाव आधी विकणाऱ्याने सांगायचा. त्याने माझी बोटं दाबली, आणि मी चमकले. तो बंद सडाच्या गाईचा खराखुरा भाव सांगत होता, एक पैसा जास्त नाही. सरांनी रुमालात टाकलेल्या भावाच्या निम्माही नव्हता तो.

मी मान हलवली आणि माझा आकडा दाबला, वरचा. त्याने तो झटकला आणि पुन्हा आपला खालचा दाबला. असा सौदा मी कधी ऐकला नव्हता, की विकणारा भाव खाली ओढतो आहे आणि घेणारी वर चढवते आहे. गर्दीला वाटत होतं, नानाची पोरगी त्या गरिबाला पिळते आहे. मागून आवाज आला, "हाई ते नानानीबी वर निंघनी!" मला घाम आला होता, त्यालाही. त्याने थोडा भाव वाढवला आणि तिथे घट्ट बसला. जोर लावून काही होणार नाही हे मला उमगलं. त्याची बाजू खरी होती, आणि खऱ्या बाजूला दाबून हलवता येत नाही. मग मी त्याच्याजवळ वाकून एवढंच म्हटलं, "काका, हा माझा दंड आहे. दंड कमी झाला आणि उद्या ते बाहेर फुटलं तर लोक म्हणतील, नानाच्या पोरीने दंडातसुद्धा लबाडी केली. ते मला जन्मभर ऐकावं लागेल."

"भलतीच शेस वं तू," तो पुटपुटला. आणि त्याची बोटं सैल झाली. एक एक करत मी त्याला वर नेलं. थेट सरांच्या आकड्यापर्यंत नेणार होते. शेवटचं एक बोट उरलं तेव्हा त्याने ते मुठीत आवळलं आणि सोडलंच नाही. "हाई नही. इतलं ऱ्हाऊ दे. सड बंद शेच ना."

पुढे आयुष्यात मी असंख्य सौदे केले, मालक रडकुंडीला आले, व्यापारी पाया पडले. त्या एका बोटापुढे मात्र माझं काही चाललं नाही. आकडा मी नानांना सांगितला, बाकी कोणालाही नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

तुळशीराम दुसऱ्याच दिवशी भिकाला घेऊन पुण्याला गेला. तो परत येईपर्यंत करंदीकर सर रोज स्वतः घंटा वाजवायचे, आणि दोराला सवय नसल्यामुळे तिचा कधी एक टोल जास्त पडायचा, कधी एक कमी. मी कॉलेजात गेले नाही. त्याची खंत आहे, खोटं कशाला सांगू. त्या दाखल्यावरून मी सरांशी भांडले तेव्हा म्हटलंही, मी मध्ये पडले म्हणूनच तुळशीरामने पैसे घेतले, तुमच्या हातून त्याने घेतले नसते. सर म्हणाले, "अगदी खरं आहे. पण ओरडलीस तेव्हा तुला हे ठाऊक होतं का?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

पुण्याला गेल्यानंतर दीड महिन्याने एका दुपारी तुळशीराम स्टेशनवरून आपल्या घरी न जाता आधी आमच्या दारात आला. बरोबर भिका. डोळ्याची पट्टी निघाली होती. आई गाईला पेंड घालत होती आणि मी शेण भरत होते. तुळशीरामने भिकाला गाईसमोर नेऊन उभं केलं. भिकाने आपला चांगला डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा मोठा करून पाहू लागला. आईच्या हातातली पेंड तशीच राहिली.

"काय दखास रे?" आईने विचारलं.

"गाय," भिका म्हणाला. मग तसाच, तळहात न काढता, माझ्याकडे वळला आणि मान तिरकी करून बघू लागला. "आन् सुमनताई. ती थोडी धुरकट दखास. पन दखास."

शेणाच्या हातांनी तशीच मी दोन पावलं पुढे, उन्हात येऊन उभी राहिले.